माजी सैनिकांचे मनःस्वास्थ्य व साहाय्यित मृत्यू (कॅनडा)

मनोविकाराने वा मेंदूच्या इजेने त्रस्त माजी सैनिकांपुढे वैद्यकीय साहाय्याने मृत्यूचा पर्याय कोणी, केव्हा व कसा मांडावा, यासंबंधीचा वाद. २०२२ मध्ये तो कॅनडाच्या संसदेपर्यंत पोहोचला.

पार्श्वभूमी : रवांडातील संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचे कॅनेडियन सेनापती रोमेओ दालेर यांनी १९९४ च्या वंशसंहारानंतर जडलेला आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) उघडपणे सांगितला. याच आजारामुळे २००० मध्ये ते सेवानिवृत्त झाले. पुढील वर्षी सैनिकांनीच सैनिकांना मानसिक आधार देण्याची योजना सुरू झाली. २००१–१४ या काळात कॅनडाचे ४०,००० हून अधिक सैनिक अफगाणिस्तानात गेले. १५८ मृत्युमुखी पडले.

कायदा : सर्वोच्च न्यायालयाने ‘कार्टर’ खटल्यात (फेब्रुवारी २०१५) साहाय्यित मृत्यूवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. जून २०१६ च्या कायद्याने नजीकच्या काळात मृत्यू अपेक्षित असलेल्यांना परवानगी मिळाली. ही अट क्यूबेकच्या न्यायालयाने २०१९ मध्ये अमान्य केली व मार्च २०२१ मध्ये ती शिथिल झाली. मृत्यू नजीक नसलेल्या अर्जदाराच्या पडताळणीस किमान ९० दिवस द्यावे लागतात. समुपदेशन, मानसोपचार व अपंगत्व-साहाय्य यांची माहितीही द्यावी लागते. केवळ मनोविकार असलेल्यांना अद्याप मुभा नाही. ती सुरू होण्याची तारीख २०२३, मग २०२४ व आता मार्च २०२७ अशी पुढे ढकलली गेली.

२०२२ चे प्रकरण : पीटीएसडीवरील उपचारांसाठी मदत मागणाऱ्या एका माजी सैनिकाला माजी सैनिक विभागाच्या कर्मचाऱ्याने, विचारणा नसताना, हा पर्याय सुचवल्याचे वृत्त ऑगस्टमध्ये आले. नोव्हेंबरमध्ये त्या विभागाचे मंत्री लॉरेन्स मॅकऑले यांनी संसदीय समितीला अशी चार प्रकरणे सांगितली. चारही प्रकरणांत कर्मचारी एकच होता. तपास पोलिसांकडे सोपवण्यात आला. १ डिसेंबर रोजी निवृत्त कॉर्पोरल व पॅरालिम्पिक खेळाडू क्रिस्टीन गोतिए यांनी, घरी व्हीलचेअर-लिफ्टसाठी अनेक वर्षे पाठपुरावा करत असताना आपल्यालाही हे सुचवले गेल्याची साक्ष दिली. हा दावा वादग्रस्त राहिला. असा प्रस्ताव देणे सर्वस्वी अस्वीकार्य असल्याचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो म्हणाले. हा विषय काढण्याचा अधिकार विभागाच्या कर्मचाऱ्यांना नाही, असे विभागाने स्पष्ट केले.

मतभेद : मनाच्या असह्य वेदनेला शरीराच्या वेदनेहून कमी लेखू नये व माजी सैनिकांनाही इतर नागरिकांइतकाच निर्णयाचा अधिकार असावा, असे समर्थक म्हणतात. मृत्यूची इच्छा हेच अनेकदा आजाराचे लक्षण असते व विकार असाध्य ठरवणे अवघड असते, असे विरोधकांचे म्हणणे आहे. या नोंदीच्या दृष्टीने क्रमाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सेवेत मन जायबंदी झालेल्या सैनिकाचे उपचार, निवास व निर्वाह यांची जबाबदारी शासनाची आहे. ती पार पडण्याआधी त्याच शासनाच्या कचेरीतून मृत्यूची वाट दाखवली जाणे हा कर्तव्याचा भंग होय. मग साहाय्यित मृत्यूच्या कायद्याविषयी मत काहीही असो.

इतर देश : नेदरलँड्स व बेल्जियममध्ये २००२ पासून मानसिक पीडेच्या आधारावरही परवानगी मिळू शकते.