शोधाची चतुःसीमा



जमिनीचे खरेदीखत आपणांपैकी पुष्कळांनी वाचले असेल. त्यात गावाचे नाव असते, गट नंबर असतो, क्षेत्र असते, आणि मग येते ती चतुःसीमा: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. खताचा सारा जीव या चार ओळींत असतो. त्या ढिलेपणाने लिहिल्या गेल्या, की पुढल्या पिढीचे निम्मे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात जाते.

शोधाच्या पेटंटालाही अशीच चतुःसीमा असते. अर्जात शोधाचे वर्णन कितीही पाने चालो, शेवटी क्रमांक घालून काही वाक्ये लिहावी लागतात. त्यांना दावे म्हणतात. या दाव्यांनी जेवढे कुंपण घातले तेवढे काही वर्षे शोधकाचे; बाकीचे सर्वांचे. आणि कुंपण योग्य जागी पडले आहे की नाही हे तपासणारा जो सरकारी अधिकारी, तो पेटंट-परीक्षक.

आज ज्या वादाची हकीगत सांगावयाची, त्यात सीमा दोन आहेत. पहिली देहातली: डॉक्टरांपुढे असलेल्या चित्रात निरोगी भाग कोठे संपतो आणि गाठ कोठे सुरू होते. दुसरी कायद्यातली: ती पहिली सीमा गणिताने दाखविणारी रीत हा यंत्राचा शोध, की नुसती आकडेमोड? पहिली रेघ चुकली तर रोग्याचे प्राण संकटात. दुसरी चुकली तर ती पहिली रेघ काढण्याचे साधन कुणाला मिळावे आणि काय किमतीला मिळावे, हेच बिघडते. म्हणून हा वकिलांचा घरगुती वाद नव्हे. तो तुमच्याआमच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आरंभ क्ष-किरणांपासून केला पाहिजे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण आढळले. त्यांनी त्यांवर पेटंट घेण्याचे नाकारले. १९०१ साली नोबेल पारितोषिकाची रक्कम मिळाली, तीही त्यांनी आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. जगातील दवाखान्यांत हे किरण इतक्या त्वरेने पसरले, त्याला हे औदार्यही एक कारण होय. पण राँटगेन यांचे चित्र म्हणजे अखेर छाया. छातीच्या फासळ्या, हृदय, फुफ्फुस यांच्या सावल्या एकीवर एक पडलेल्या. त्यांतून सीमा ओळखावयाची ती डॉक्टरांच्या सरावलेल्या डोळ्यांनी. डोळ्यावर पेटंट मागण्याचे कुणाच्या मनात आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते.

पाऊण शतकानंतर ही स्थिती पालटली. अॅलन कॉरमॅक हे भौतिकीचे अध्यापक. निरनिराळ्या दिशांनी किरण सोडून, ते किती शोषले गेले ते मोजून, देहाच्या एका आडव्या छेदाचे चित्र गणिताने कसे उभे करता येईल, यावर त्यांनी १९६३ व १९६४ साली निबंध प्रसिद्ध केले. त्यांची दखल फारशी कुणी घेतली नाही. इकडे इंग्लंडात ई.एम.आय. या कंपनीतील अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. त्यांनी १९६८ साली पेटंटासाठी अर्ज केला; ते पेटंट १९७२ साली प्रसिद्ध झाले. मध्यंतरी १ ऑक्टोबर १९७१ रोजी विम्बल्डन येथील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. १९७९ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एकाने विद्या छापून मोकळी केली, दुसऱ्याच्या विद्येवर पेटंट झाले. आणि रोग्याला उपयोग झाला तो दोघांचाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा वळावयाचे आहे.

या नव्या यंत्राने मोठा फरक केला तो असा, की चित्र आता छाया राहिले नाही. ते आकड्यांचा तक्ता झाले. आरंभीच्या चित्रात ८० उभ्या व ८० आडव्या ओळी होत्या, म्हणजे ६,४०० घरे. आणि प्रत्येक घरात एक आकडा. आज जी मोजपट्टी चालते तीत पाण्याला शून्य आणि हवेला उणे १,००० धरतात. चित्र एकदा आकड्यांत आले, की त्याची बेरीज-वजाबाकी करता येते. आणि वजाबाकी करता आली, की सीमाही शोधता येते.

कशी ते पाहा. एका ओळीत सहा घरे आहेत आणि त्यांत आकडे आहेत ४०, ४०, ४०, ७०, ७०, ७०. प्रत्येक घरातील आकड्यातून त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी वजा करा. दुसऱ्या घराचे दोन्ही शेजारी ४०, बाकी शून्य. तिसऱ्याचे शेजारी ४० आणि ७०, सरासरी ५५. बाकी उणे १५. चौथ्याचे शेजारीही तेच. बाकी अधिक १५. पाचवे पुन्हा शून्य. जेथे सारे सारखे तेथे शून्य, आणि जेथे बदल तेथेच आकडा उभा राहिला. बांध सापडला! शाळकरी मुलाला येईल असे हे गणित आहे. खऱ्या चित्रात मात्र आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. त्यांत यंत्राची खरखर मिसळलेली असते, आणि एक पेशीजाल दुसऱ्यात हळूहळू विरत जाते. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत रॉबर्ट्स, सोबेल, मार व हिल्ड्रेथ, कॅनी अशा संशोधकांनी कडा शोधण्याच्या अधिकाधिक पक्क्या रीती बसविल्या.

आता परीक्षकाच्या मेजाकडे वळू. अमेरिकेत १७९० च्या कायद्याने तीन मोठ्या अधिकाऱ्यांवर शोध तपासण्याचे काम सोपविले होते. त्यांतले एक थॉमस जेफरसन. काम झेपेना, म्हणून १७९३ साली तपासणीच काढून टाकली आणि नुसती नोंदणी ठेवली. परिणाम व्हावयाचा तोच झाला: एकाच गोष्टीवर अनेकांचे हक्क आणि कज्ज्यांचा सुळसुळाट. १८३६ साली तपासणी पुन्हा आणावी लागली. परीक्षक विचारतो ते प्रश्न साधे आहेत. हे नवे आहे काय? या धंद्यातील जाणत्याला सहज सुचण्यासारखे तर नाही ना? उपयोगाचे आहे काय? पण या सर्वांच्या आधीचा प्रश्न असा, की ही वस्तू मुळात पेटंटाच्या जातीची आहे काय? निसर्गनियम, गणित, निव्वळ कल्पना यांची मालकी कुणालाच नाही, हे तत्त्व जुने आहे.

संगणक आला आणि हे तत्त्व कसोटीला लागले. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेन्सन खटल्यात, आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलण्याची रीत पेटंटास अपात्र ठरविली. १९७८ साली फ्लूक खटल्यात, कारखान्यातील धोक्याच्या सूचनेची मर्यादा काढण्याचे सूत्रही नाकारले. पण १९८१ साली डीर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल उलट दिशेने गेला. तेथे साच्यातील रबर केव्हा तयार होईल हे जुन्या, सर्वश्रुत सूत्राने सतत मोजून योग्य क्षणी साचा उघडावयाचा होता. न्यायालय म्हणाले, सूत्र कुणाचेच नाही. पण रबर तयार करण्याची ही सबंध क्रिया पेटंटाच्या जातीची आहे.

या पार्श्वभूमीवर १९८२ साली अबेल प्रकरण आले. शोध सी.टी. चित्रांविषयी होता. रोग्यावर पडणारे किरण कमी करावयाचे आणि तरीही चित्र विश्वसनीय ठेवावयाचे, हा त्याचा हेतू. कार्यालयाने दावे नाकारले: हे गणित आहे, म्हणून. अपील झाले. त्यातील दोन दावे शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत.

पाचवा दावा असा: एखाद्या क्षेत्रातील प्रत्येक बिंदूच्या मूल्यातून त्याच्या भोवतालच्या भागाची सरासरी वजा करावयाची, आणि येणारी बाकी काळ्या-पांढऱ्याच्या छटेने चित्रात दाखवावयाची. ही आपण मघाशी केली त्याच जातीची वजाबाकी! सहावा दावा एवढेच जोडतो, की ते आकडे सी.टी. यंत्राने मिळविलेले, क्ष-किरण किती शोषले गेले ते सांगणारे आकडे असावेत.

न्यायालयाने पाचवा नाकारला आणि सहाव्याला पात्र ठरविले. कारण उघड आहे. पाचव्यात आकडे कसले, कोठून आले, याचा पत्ताच नाही. ते पावसाचे असतील, बाजारभावांचे असतील. त्या कुंपणात जगातील प्रत्येक वजाबाकी येऊन बसते. सहाव्यातून गणित काढून टाकले, तरी किरण निर्माण करणे, ते टिपणे, चित्र दाखविणे ही खरी क्रिया मागे उरतेच. गणिताने तिला सुधारले एवढेच.

चार वर्षांनी युरोपातही असाच प्रसंग आला. तेथील कायद्यात गणिती रीत आणि संगणकाचा कार्यक्रम, निव्वळ तेवढ्यापुरते, स्पष्टपणे वगळलेले आहेत. व्हायकॉम या कंपनीचा अर्ज अंकरूप चित्रांवर अधिक वेगाने प्रक्रिया करण्याचा होता. परीक्षण-विभागाने तो नाकारला. १५ जुलै १९८६ रोजी अपील-मंडळाने तो निर्णय फिरविला. मंडळाचे म्हणणे असे, की निव्वळ गणित आकड्यांवर चालते आणि आकडेच देते. पण येथे विद्युत्-संकेतांच्या रूपात साठविलेले चित्र ही खरी वस्तू आहे, आणि तिच्यात बदल घडतो. पुढे २००५ साली तेथील विस्तारित मंडळाने वैद्यकाच्या बाजूचीही एक सीमा आखली. देहावर करावयाच्या निदानपद्धतीला पेटंट नाही. पण निदान म्हणजे माहिती गोळा करण्यापासून रोगाचा निर्णय करण्यापर्यंतची सगळी वाट. चित्रातील कड दाखविणे हा वाटेतला एक टप्पा. तो एकटा म्हणजे निदान नव्हे.

प्रश्न सुटला असे वाटेल, पण तसे झाले नाही. अमेरिकेतील लंबक १९९८ च्या सुमारास फार सैल बाजूला गेला आणि व्यापारी हिशेबाच्या रीतींनाही पेटंटे मिळू लागली. २००८ साली बिल्स्की प्रकरणात खालच्या न्यायालयाने लगाम ओढला, तेव्हा आधाराला पुन्हा अबेलचेच ते दोन दावे घेतले: सहाव्यातील आकडे हाडे, अवयव अशा खऱ्याखुऱ्या वस्तूंचे होते. २०१२ च्या मेयो आणि २०१४ च्या अॅलिस या निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने तो लगाम आणखी आवळला. अमूर्त कल्पनेला नेहमीचा संगणक जोडला म्हणून ती शोध होत नाही, असे ठरले. सहाव्या दाव्यासारखे एक वाक्य तेवढ्यावर आज तेथे तरेल काय, असे विचारले तर जाणता वकीलही चटकन होय म्हणणार नाही.

आणि आपल्याकडे? पहिला कायदा १८५६ चा, पुढे १९११ चा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली अहवाल दिला. त्याच्या आधारावर १९७० चा कायदा झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात काय शोध नव्हे याची यादी आहे. २००२ च्या दुरुस्तीने त्या यादीत दोन गोष्टी आल्या: उपचारपद्धतींबरोबर निदानपद्धती, आणि गणिती रीत, गणनविधी व ‘केवळ त्या स्वरूपातील’ संगणक-कार्यक्रम. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून कार्यक्रमांविषयीचे कुंपण थोडे सैल करण्याचा प्रयत्न झाला. २००५ साली संसदेने तो बदल कायद्यात येऊ दिला नाही. २०१९ साली फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने त्या ‘केवळ’ शब्दाकडे लक्ष वेधले. कार्यक्रम आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळू नका. त्याने तांत्रिक परिणाम साधतो काय ते पाहा, असे सांगितले. म्हणजे मुंबईच्या पेटंट कार्यालयात चित्रातील सीमा शोधण्याचा अर्ज आला, तर परीक्षकाला दोन दारांवर पहारा करावा लागतो: एक गणिताचे, दुसरे निदानाचे.

कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? राँटगेन यांच्यासारखे सारे मोकळे सोडावे. हा विचार उदात्त आहे, आणि या क्षेत्रात तो अजून जिवंतही आहे. २०१५ साली फ्रायबुर्गच्या संशोधकांनी वैद्यकीय चित्रांचे भाग वेगळे करणारी यू-नेट नावाची रीत अशीच छापून प्रसिद्ध केली. पण पेटंट न दिल्याने प्रत्येक शोध मोकळा होतोच असे नाही. पुष्कळदा तो कंपनीच्या तिजोरीत गुपित म्हणून पडतो, आणि यंत्राने काढलेली रेघ कशी काढली हे डॉक्टरांनाही कळत नाही. पेटंट घेणाऱ्याला निदान आपली रीत छापून उघड करावी लागते, आणि २० वर्षांनी ती सर्वांची होते. हाउन्सफील्ड यांच्या पेटंटाचे समर्थन होते ते एवढ्यासाठी.

दुसरा म्हणेल, मग सर्वांनाच द्या. तर मग पाचवा दावा आठवावा. तो मंजूर झाला असता, तर तालुक्याच्या गावी एखाद्या हुशार मुलाने कमी खर्चाची चांगली रीत बसविली, तरी तिच्यातील एका वजाबाकीसाठी त्याला परक्याच्या दारात भाडे द्यावे लागले असते. आणि ते भाडे शेवटी रोग्याच्या बिलात उतरले असते.

श्रोतेहो, पाचव्या आणि सहाव्या दाव्यांत अंतर एका वाक्याचे होते. ते एक वाक्य असणे-नसणे म्हणजे सार्वजनिक गायरान आणि खाजगी मळा यांमधला बांध. देहातल्या सीमेप्रमाणे हाही बांध जागेवर स्पष्ट दिसत नाही. तो दर वेळी पाहून, मोजून, कारणे देऊन आखावा लागतो, आणि चुकला तर मागे घ्यावा लागतो. मोजणीदार झोपला तर बळकट शेजारी गायरानात नांगर घालतो. मोजणीदार आडमुठा निघाला तर कष्टाने मळा फुलविणारा गाव सोडून जातो. परीक्षकाचे हे काम सभेत टाळ्या मिळविणारे नव्हे. पण उद्या आपल्यापैकी कुणाच्या चित्रात यंत्राने एक बारीक रेघ काढलेली दिसेल, तेव्हा तिच्यामागे अशीच एक दुसरी रेघ कुणीतरी जपून आखली होती, याची आठवण ठेवावी.