एका रुमालाचे हस्तांतरण

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्या हिने मला एक रुमाल भरून दिला. कोपऱ्यात माझे आद्याक्षर, भोवती लाल फुले. आठवड्याच्या आत मी तो हरवला. घरी सांगायचा धीर होईना; कारण नेमका तेव्हाच मी शेक्सपिअर वाचत होतो. (बी. कॉम.ला तो नव्हता, म्हणूनच वाचावासा वाटला.)

१६०४ साली लंडनच्या राजवाड्यात झालेल्या 'ऑथेल्लो'त असाच एक रुमाल आहे. त्यावर स्ट्रॉबेरी भरलेल्या. ऑथेल्लोने बायकोला दिलेली ही पहिली भेट! कारकुनी सवयीने मी त्याची नोंद काढली. इजिप्तच्या जादूगारणीकडून ऑथेल्लोच्या आईला, आईकडून मुलाला, त्याच्याकडून डेस्डिमोनाला. नवऱ्याचे दुखरे डोके बांधताना तो पडतो. मग इमिलिया, इयागो, कॅसिओ, बियांका! चेकच्या पाठीवर एवढ्या सह्या पाहून आमच्या साहेबांनी दोनदा चष्मा पुसला असता.

१६९३ साली थॉमस रायमर या टीकाकाराने, रुमालापायी एवढा गोंधळ कशाला, म्हणून यथेच्छ टिंगल केली. फ्रेंचांना तर रंगभूमीवर रुमाल हा शब्दच सोसेना. त्यांच्या भाषेत तो नाक शिंकरण्यावरून आलेला. १७९२ साली द्यूसीने त्याजागी हिऱ्यांचा शिरपट्टा आणला. १८२९ साली विन्यीने पॅरिसमध्ये रुमालाला रुमाल म्हटले, तर प्रेक्षकांत गलका झाला. आपल्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली या नाटकालाच मराठी पेहराव चढवला, तो 'झुंजारराव'.

मला विचाराल तर हिऱ्यांनी मुद्दाच बुडतो. हिरे हरवले तर किंमत लावता येते. कपाळाला, डोळ्याला लागलेले वीतभर कापड हरवले तर ते कशात मोजायचे?

ऑथेल्लोची चूक हिशेबाची. त्याने रुमालाला बेअरर चेक मानले : ज्याच्या हाती तो, त्याचे प्रेम. बायकोचे प्रेम खात्यात जमाच होते. हा आपला पावती मागत राहिला आणि शेवटी तिचा जीव घेऊन बसला. तीही भीतीपोटी 'हरवला नाही' म्हणाली, तिथेच घात झाला.

हे वाचून मी त्याच रात्री सगळे कबूल केले.

"हरवला ना? बरं झालं," ही म्हणाली. "फुलं वाकडीच आली होती."

दुसऱ्या रुमालावर मात्र तिने माझे पूर्ण नाव भरले. आमच्या भाषेत, अकाउंट पेयी.