भिंतीतील गिट्टी

भिंतीतील गिट्टी : विटांच्या, दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीत स्क्रू घट्ट धरला जावा म्हणून छिद्रात बसविण्यात येणारा लाकडाचा, तंतूंचा वा प्लॅस्टिकचा तुकडा. लाकडात स्क्रूचे आटे आपली वाट आपणच कापतात. वीट व दगड ठिसूळ असल्याने तेथे ते शक्य होत नाही. म्हणून स्क्रू व भिंत यांच्या दरम्यान दबणारा पदार्थ ठेवावा लागतो. स्क्रू आत शिरताना गिट्टी फाकते, छिद्राच्या बाजूंवर दाब देते आणि त्यामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाने जागच्या जागी राहते. छिद्र मोठे झाल्यास हा दाबच निर्माण होत नाही. त्यामुळे गिट्टीचा इतिहास हा बव्हंशी छिद्राच्या अचूकपणाचा इतिहास आहे.

पूर्वस्थिती : महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांत जाड भिंतींमध्ये कोनाडे व फडताळे बांधकामातच सोडीत. वस्तूंचा भार भिंतीच्या पोटात राहत असे. विटांच्या पातळ भिंती रूढ झाल्यावर फळी भिंतीबाहेर कंसांवर (ब्रॅकेटवर) ठेवणे भाग पडले. त्यासाठी छिन्नी-हातोडीने खाच पाडून तीत लाकडी गिट्टी ठोकीत व भोवतीची पोकळी चुन्याने किंवा सिमेंटने भरीत. या रीतीत खाच गरजेपेक्षा मोठी होई व गिलावा निखळे. शिवाय लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. परिणामी गिट्टी कालांतराने सैल होई.

तंतूंची गिट्टी : इंग्रज बांधकाम-व्यावसायिक जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांच्याकडे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये भिंतींना कमीत कमी इजा करून विद्युत् साहित्य बसविण्याचे काम आले होते. त्यातून १९११ मध्ये त्यांनी तागाच्या तंतूंची लहान नळीसारखी गिट्टी तयार केली. सरस किंवा जनावरांचे रक्त वापरून तंतू एकत्र बांधलेले असत. ताग त्या काळी जगाला मुख्यत्वे बंगालमधून मिळत असे. या गिट्टीला स्क्रूहून थोडेच मोठे गोल छिद्र पुरे. मात्र ते हव्या त्याच व्यासाचे असणे आवश्यक ठरले.

हाताने ठोकून पाडलेली छिद्रे अनेकदा वेडीवाकडी होत. अशा छिद्रांत भरण्यासाठी ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसयुक्त भुकटी पाण्यात कालवून वापरीत. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसांचे गंभीर रोग व कर्करोग होतात. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. जुन्या इमारतींतील अशी भरणी पुन्हा उकरताना आजही धोका संभवतो.

छिद्रण साधने : विद्युत् सामत्याचे (ड्रिलचे) पेटंट मेलबर्न येथे १८८९ मध्ये घेतले गेले. श्टुटगार्ट येथील विल्हेल्म एमिल फाइन यांच्या कारखान्याने १८९५ मध्ये हातात धरण्याजोगा विद्युत् सामता बनविला. पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबावयाचा चाप असलेल्या रचनेचे पेटंट ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीला १९१७ मध्ये मिळाले. तथापि साध्या पोलादाचे टोक विटेत किंवा दगडात लवकर बोथट होते. जर्मनीत १९२० नंतरच्या दशकात कोबाल्टने बांधलेले टंगस्टन कार्बाइड तयार झाले व क्रुप कारखान्याने ते ‘विडिया’ (अर्थ : हिऱ्यासारखे) या नावाने विक्रीस आणले. अशा टोकाचा व्यास दीर्घकाळ कायम राहतो. पुढे बॉश कंपनीने १९३२ मध्ये फिरता फिरता आघात करणारा विद्युत् हातोडा बाजारात आणला. त्यामुळे कठीण काँक्रीटमध्येही छिद्र पाडणे सुकर झाले.

नायलॉनची गिट्टी : जर्मन संशोधक आर्टुर फिशर (१९१९–२०१६) यांनी १९५८ मध्ये नायलॉनची गिट्टी तयार केली. तिच्या बाजूंवरील दाते भिंतीला पकड घेतात व लहान पंख तिला स्क्रूबरोबर फिरू देत नाहीत. नायलॉन कुजत नसल्यामुळे लाकडी गिट्टीचा मुख्य दोष दूर झाला.

भार व अचूकपणा : फळी ज्या कंसांवर टेकते, त्यांच्या वरच्या स्क्रूंवर बाहेर खेचणारी ओढ पडते. समजा, फळी २५ सेंमी. रुंद असून तिच्या मध्यावर ४० किग्रॅ. भार आहे आणि कंसाच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टेकूपर्यंत अंतर २० सेंमी. आहे. अशा वेळी वरच्या स्क्रूंवर मिळून ४० × १२·५ ÷ २० = २५ किग्रॅ. ओढ येते. तोच भार फळीच्या बाहेरच्या कडेशी ठेवल्यास ती ५० किग्रॅ. होते. कंस उंच घेतल्यास ती कमी होते. सैल गिट्टी उभा भार काही काळ पेलते, पण या ओढीने हळूहळू बाहेर सरकते. म्हणून फळी बहुधा बसविताना न पडता काही महिन्यांनी पडते.

छिद्र शक्यतो विटेच्या मध्यभागी घेतात, सांध्यातील मसाल्यात घेत नाहीत. प्रारंभी आघात बंद ठेवून टोक खुणेवर स्थिर करतात व सामता भिंतीशी काटकोनात धरतात. पोकळ विटांत आघात अजिबात वापरीत नाहीत. खोली गिट्टीच्या लांबीपेक्षा सु. १० मिमी. अधिक ठेवतात आणि आतील भुकटी काढून टाकतात. कंस प्रथम एकाच स्क्रूवर टांगून, ओळंबा व पाणसळ लावून मग उरलेल्या छिद्रांच्या खुणा केल्यास एकूण चूक कमी होते. या भुकटीत स्फटिकी सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये व्यवसायात श्वासावाटे आत जाणारी अशी धूळ कर्करोगकारक ठरविली आहे. म्हणून छिद्रण करणाऱ्या कारागिराला धूळ शोषणारे साधन व योग्य मुखपट्टी आवश्यक असते.