बुरशीच्या विषावर विकरांचा उतारा

अन्नधान्यावर वाढणाऱ्या बुरशींच्या काही जाती विषारी द्रव्ये तयार करतात आणि या द्रव्यांना कवकविषे म्हणतात. स्वयंपाकातल्या उष्णतेने बुरशी मरते, पण तिने मागे ठेवलेले विष बहुतांशी तसेच राहते. म्हणूनच शिजवणे, भाजणे किंवा तळणे हे या विषांविरुद्ध विश्वासार्ह संरक्षण कधीच ठरले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसाच्या हाती पाखडणे, निवडणे आणि बिघडलेले टाकून देणे एवढेच उपाय होते. विषाचा रेणूच तोडून तो निरुपद्रवी करण्याची कल्पना त्यानंतरची असून, तिचे सर्वांत आशादायक साधन म्हणजे विकरे. जिवंत पेशी जी प्रथिने वापरून ठरावीक रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणतात, त्यांना विकर किंवा एन्झाइम असे म्हणतात.

डोळ्यांना दिसणाऱ्या विषाशी माणसाचा झगडा फार जुना आहे. राय या धान्याच्या कणसात दाण्याच्या जागी बुरशीचे काळपट, टणक गोळे धरतात, त्यांना अरगट म्हणतात. असे धान्य खाल्ल्याने हातपाय काळे पडून झडण्याचा जो रोग होई, तो मध्ययुगीन युरोपात ‘सेंट अँथनीची आग’ या नावाने ओळखला जात असे. बाजरीवर येणारे अरगट वेगळ्या जातीच्या बुरशीचे असते आणि त्याने अवयव झडत नाहीत, पण मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. 1956-57 मध्ये तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात बाजरीतून अशा विषबाधेची साथ आली होती. अशी बाजरी मिठाच्या दाट पाण्यात टाकली असता अरगटाचे हलके गोळे वर तरंगतात आणि निरोगी दाणे तळाशी बसतात, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा आहे. मात्र विष दाण्याहून वेगळ्या, दिसणाऱ्या गोळ्यात असेल तेव्हाच तो चालतो.

न दिसणाऱ्या विषाची जाणीव जगाला 1960 मध्ये झाली. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिले अज्ञात रोगाने मेली आणि त्याचे मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडले. अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेल्या त्या विषाला अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले आणि ते यकृताचा कर्करोग घडवते हे पुढे सिद्ध झाले. भारतातही या विषाने मोठी किंमत वसूल केली आहे. 1974 मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या आदिवासीबहुल जिल्ह्यांत, अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. ज्या घरात दुसरे धान्य नव्हते, तेथे बिघडलेला मका टाकून देण्याचा सल्ला निरर्थक होता, ही त्या घटनेची खरी शिकवण आहे. अमोनियासारख्या रसायनांनी पेंडीतील अफ्लाटॉक्सिन कमी करता येते, पण ती प्रक्रिया कारखान्यातील आणि पशुखाद्यापुरती असल्याने माणसाच्या ताटापर्यंत तिचा उपयोग पोहोचत नव्हता.

अमेरिकेत पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत अॅलेक्स सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफ्लाटॉक्सिनच्या शोधानंतर काही वर्षांतच वेगळी वाट धरली होती. अनेक प्रकारचे सूक्ष्मजीव तपासल्यानंतर त्यांना एक जिवाणू असा आढळला, की जो दूध, तेल, शेंगदाणे आणि मका यांतील अफ्लाटॉक्सिन नाहीसे करत होता, आणि बदकांच्या पिलांवरील चाचणीत त्यातून नवे विष तयार होत नसल्याचेही दिसले. हे संशोधन 1966 मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि तो जिवाणू गडद नारिंगी रंग सोडत असल्यामुळे अन्नात वापरण्याजोगा नव्हता. यातून पुढील संशोधनाची दिशा स्पष्ट झाली, ती अशी की संपूर्ण सूक्ष्मजीव अन्नात घालण्याऐवजी त्याच्यातील नेमके काम करणारे विकर वेगळे काढावे. 1969 मध्ये ऑक्रॅटॉक्सिन या मूत्रपिंडाला घातक असलेल्या विषाचे दोन तुकडे कार्बोक्सिपेप्टिडेज ए हे स्वादुपिंडातील पाचक विकर करते, असे दाखवण्यात आले. त्यामुळे एकटे, शुद्ध विकरही हे काम करू शकते, हे निश्चित झाले.

पुढचा प्रश्न अशी विकरे कोठे शोधावीत, हा होता आणि त्याचे उत्तर विषाच्या सान्निध्यातच मिळत गेले. बुरशीयुक्त चारा खाऊनही गुरे बरेच सोसतात, कारण त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव काही विषे तोडतात. तेथूनच 1990 च्या दशकात ऑस्ट्रियातील संशोधकांनी, गव्हावरील व मक्यावरील फ्युजेरियम बुरशीच्या विषांचा घातक भाग मोडणारा जिवाणू मिळवला. ऑक्रॅटॉक्सिन तोडणारे एक यीस्ट ऑस्ट्रेलियातील वाळवीच्या आतड्यात सापडले. डुकरांच्या प्रजननात बिघाड करणाऱ्या झिअरालेनोन या विषाचे वलय उघडणारे विकर तर दुसऱ्या एका बुरशीतच होते आणि त्याचे जनुक जपानी संशोधकांनी 2002 मध्ये वर्णिले.

या इतिहासातील सर्वांत पूर्ण यश फ्युमोनिसिन या विषाबाबत मिळाले. मक्यावरील हे विष 1988 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ओळखले गेले. ते घोड्यांच्या मेंदूला आणि डुकरांच्या फुप्फुसांना इजा करते. दख्खनच्या पठारालाही त्याचा अनुभव आहे, कारण 1995 मध्ये कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातील काही खेड्यांत पावसाने काळवंडलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब झाले, तेव्हा त्या धान्यात फ्युमोनिसिन आढळले होते. या रेणूच्या कण्याला दोन आम्लयुक्त शाखा जोडलेल्या असतात आणि एस्टरेज वर्गातील विकर त्या शाखा कापून टाकते, त्यामुळे उरलेला भाग मूळ विषापेक्षा पुष्कळ सौम्य होतो. असे विकर स्फिंगोपिक्सिस या जिवाणूत सापडले, 2010 मध्ये त्याच्या जनुकांचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि 2014 मध्ये युरोपीय संघाने ते डुकरांच्या खाद्यात मिसळण्यास मान्यता दिली. खाद्य कोरडे असेपर्यंत हे विकर निष्क्रिय असते आणि जनावराच्या पचनमार्गातील ओलाव्यात ते काम करू लागते.

अफ्लाटॉक्सिनविरुद्ध मात्र असे यश अद्याप आलेले नाही. त्याचा रेणू बदलणारी विकरे जिवाणूंत आणि बुरशींत सापडली आहेत, पण त्यांतील काहींना काम करण्यासाठी दुर्मीळ साहाय्यक रेणू लागतो, तर काहींमुळे उरणाऱ्या तुकड्यांची निरुपद्रविता सिद्ध करावी लागते. रेणू नाहीसा झाला म्हणजे विष गेले असे होत नाही, हा या क्षेत्रातील संशोधनाचा पहिला नियम आहे.

साठ वर्षांच्या या प्रवासाचा लाभ आतापर्यंत मुख्यत्वे डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याला झाला आहे. ज्या मक्याने 1974 मध्ये आदिवासी कुटुंबांचा बळी घेतला, त्या मक्याला आणि आपल्या भुईमुगाला उपयोगी पडेल असे स्वस्त विकर तयार करणे हे अजून बाकी असलेले कर्तव्य आहे, आणि भारतातील संशोधन संस्थांनी ते अग्रक्रमाने हाती घ्यायला हवे. ते सिद्ध होईपर्यंत, काढणीनंतर धान्य आणि शेंगा तातडीने वाळवून कोरड्या जागी साठवणे याइतका प्रभावी उपाय दुसरा नाही, आणि विकर आल्यानंतरही त्याचे स्थान या उपायाच्या मागेच राहील.