शब्दवेध : थायमस

जळगाव-धुळ्याच्या किराणा दुकानात ‘ओव्याचं फूल’ मागा. कापरासारखे पांढरे खडे मिळतील. त्यांचं रासायनिक नाव थायमॉल, आणि ते आलं थाइम या सुगंधी युरोपीय झुडपावरून. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथीही याच ग्रीक कुळातली. तिचा आकार थाइमच्या पानासारखा म्हणून हे नाव, असं सांगतात. बाळंतिणीचा ओवा आणि ही ग्रंथी एका घरची निघावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठीत ती ‘यौवनलोपी ग्रंथी’. वयात आल्यावर आक्रसते, तिथे चरबी साठते, म्हणून. नाव सुंदर, पण अर्धंच खरं. ती पुरती लोपत नाही. उरलेल्या पेशींतून चाळिशी-साठीतही गाठ उद्भवते. ती फुप्फुसात, हृदयाच्या आवरणात, मोठ्या शिरेत घुसली, तर बहुधा आधी केमोथेरपीने तिला लहान करतात. मग छातीचं मधलं हाड उभं कापून गाठ, ग्रंथी आणि बाधलेला भाग एकत्र काढतात. शिरेचा तुकडा गेला, तर तिथे कृत्रिम नळी जोडतात. गाठीचा अंशही मागे न उरणं, हेच या शस्त्रक्रियेचं खरं यश.

आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी १९३९ साली एका रुग्णाची हकिगत छापली : थायमसची गाठ काढली आणि स्नायूंचा जुना अशक्तपणा ओसरला. म्हणून सांगते, असाच अशक्तपणा येऊन संध्याकाळी पापण्या मिटू लागल्या, घास चावताना जबडा थकला, तर डोळ्यांच्या थेंबांवर थांबू नका. डॉक्टरांना छातीच्या सीटी स्कॅनबद्दल विचारा.