कौतुकाचा साचा : ‘लढाऊ’, ‘इमानी’ आणि ‘शिकलेले’

समाजाबद्दल कोणी वाईट बोलले की आपण लगेच हरकत घेतो. ‘हे लोक मुळातच शूर’ म्हटले की सुखावतो. दोन्ही वेळी माणूस न पाहता जात पाहिलेली असते. अशा कौतुकाचे नुकसान महार समाजाने भरपूर सोसले आहे.

‘लढाऊ जमात’ हा ब्रिटिशांचा सिद्धांत 1857 नंतर बळावला. शीख, गुरखा, पठाण जन्मजात लढवय्ये ठरले. म्हणजेच इतर अनेक जण जन्मजात नालायक ठरले. 1 जानेवारी 1818 ला कोरेगाव भीमा येथे महार सैनिक लढले, विजयस्तंभावर त्यांची नावे कोरली गेली. तरी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. त्यात महार मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा होता. साचा खोटा आहे असे म्हणण्याची सोय नव्हती, त्यातच जागा मागावी लागली! पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 महार पलटण उभी राहिली, 1921 मध्ये मोडली. महार रेजिमेंट आली ती थेट 1941 मध्ये. आणि ज्यांना ‘लढाऊ’ म्हटले त्यांचे तरी काय? शौर्य त्यांचे, हुकूम गोऱ्या साहेबाचा.

गावात कौतुक होते इमानाचे. शिवेचा वाद महाराच्या साक्षीने सुटे, सरकारी वसूल त्याच्यासोबत जाई. पण खजिना ज्याच्या हाती द्यायचा, त्याला पाणवठा बंद. मोबदला बलुत्याचा, हाक रात्री-अपरात्रीची. ही वतनी वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले.

आज हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या तरुणांना वेगळा साचा भेटतो : ‘बौद्ध म्हणजे शिकलेले, पुढे गेलेले.’ 2011 च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे 73 टक्के, बौद्धांची सुमारे 81. हे यश खरे आहे, कष्टाने मिळवलेले आहे. पण साक्षर म्हणजे नोकरदार नव्हे, आणि सरासरीत भूमिहीन मजुराचे घर दिसत नाही. त्याच घरातला मुलगा शिष्यवृत्ती मागतो तेव्हा ‘तुम्हाला आता कशाला?’ असे ऐकतो; नापास झाला तर ‘तुमच्यात तर सगळे हुशार’ म्हणून दुप्पट लाजतो. हाच साचा मातंग मुलासमोर धरून ‘ते शिकले, तुम्ही का नाही?’ असेही विचारले जाते. त्या वाक्यावर आपल्यातलेही काही जण खूश होऊन मान डोलावतात.