गड्ड्यातला पाळणा

परवा ऑफिसात लंच टेबलवर एका मैत्रिणीने विचारलं, "जानेवारी आला की तुम्ही सोलापूरवाले सगळे एकदम सुट्टी कशी काय टाकता रे?" म्हटलं, गड्डा असतो. ती म्हणाली, "खड्डा?" पुण्यात राहणाऱ्या माणसाला तेच ऐकू येणार, तिची काही चूक नाही. :)

मग तिला गड्डा म्हणजे काय ते सांगायला बसलो आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की जेवण गार झालंय. जे तिला नीट सांगता आलं नाही ते आज इथे लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊनच बसा.

गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले शिवयोगी. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली आणि लोकांना हाताशी धरून तळं खोदलं. आज देऊळ ज्या तळ्यात उभं आहे तेच हे. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे आमच्या भाषेत काठ्या, निघतात. पांढरी बाराबंदी घातलेली माणसं त्या उंच काठ्या पेलत ६८ लिंगांना तैलाभिषेक करायला जातात. मग संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, नंतर होम होतो आणि शेवटी शोभेचं दारूकाम. अक्षता कुणाच्या लग्नाच्या? तर एका कुंभारकन्येला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं. ते ब्रह्मचारी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं आणि नंतर तिने स्वतःला अग्नीत अर्पण केलं, अशी कथा आहे. तो होम जिथे होतो ते होम मैदान.

या होम मैदानावरच गड्डा भरतो. आकाशपाळणे, ब्रेकडान्स, टोराटोरा, मौत का कुआँ, जादूचे तंबू, चिनीमातीच्या बरण्या, भजी. जनावरांचा बाजार मात्र विजापूर रस्त्यावर रेवणसिद्धेश्वराच्या देवळापाशी. आमचं घर जुळे सोलापुरात असल्यामुळे लहानपणी आधी बैल बघायचे आणि मग पाळण्यात बसायचं, असा आमच्या घरचा क्रम होता.

२०१६ च्या जानेवारीत मी या गड्ड्यात नोकरी केली. इंजिनीअरिंगचं पहिलं सेमिस्टर नुकतंच संपलं होतं आणि मला सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचा होता. घरी मागायची सोय नव्हती. शेजारच्या काकांची एका पाळणेवाल्या मालकाशी ओळख निघाली. रोज अडीचशे रुपये, रात्रीचं जेवण, काम तिकिटं फाडायचं आणि माणसं बसवायचं. आप्पा म्हणाले, "इंजिनीअर होणार म्हणून घातलं कॉलेजात, हा निघाला पाळणे फिरवायला." पण नको म्हणाले नाहीत.

पाळणा ज्यांच्या हातात होता त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामा लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्याचे, पन्नाशीच्या आसपासचे. हाताखाली बिहारची दोन पोरं. शेजारी मौत का कुआँ, त्यातला मोटारसायकलवाला उत्तर प्रदेशचा. मी एकटाच गाववाला आणि एकटाच शिकलेला, त्यामुळे पहिल्याच दिवशी माझं नाव पडलं 'इंजिनीअर'. फिजिक्समधलं सेंट्रीपीटल फोर्स ताजंच होतं, तेव्हा त्या मोटारसायकलवाल्याला मी कागदावर गणित मांडून दाखवलं. विहिरीची त्रिज्या ५ मीटर धरली आणि टायर-फळीचं घर्षण ०.६ धरलं, तर साधारण ताशी ३२ किलोमीटरच्या खाली आलास की पडलास. त्याने कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "भाई, ये तो आवाज़ से पता चलता है." फळ्यांचा आवाज बदलला की स्पीड कमी झाला हे त्याला कळायचं.

माझं खरं शिक्षण झालं ते मामांकडे. आमच्या चाकाला १६ पाळणे, एकेकात चार माणसं. मी पहिल्या दिवशी रांगेतून येतील तशी माणसं बसवायला लागलो, एकापाठोपाठ एक. मामांनी हात धरला. "इंजिनीअर, एक भरलास की त्याच्या समोरचा भर. मग आडवे दोन. आन् माणसं मोजू नको, वजन बघ." म्हणजे पहिला, नववा, पाचवा, तेरावा. सलग चार पाळणे भरले तर सोळा माणसं एका बाजूला, सरासरी ६० किलो धरलं तर ९६० किलो. म्हणजे जवळजवळ एक टन वजन चाकाला एकाच बाजूने खाली ओढणार, आणि ते पेलायला एक क्लच न् एक ब्रेक. मामा रांगेकडे नुसती नजर टाकून ठरवायचे, हे जाड शेठजी इकडे, ती शाळेची पोरं त्यांच्या समोर नकोत, तिकडं पैलवान बसवा.

पुढे इंटरनेटवर वाचताना कळलं की ही विद्या फार जुनी आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने १६१५ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला रमजानच्या उत्सवात अशा चाकात बसून मजा घेतली होती. १६२० मध्ये पीटर मंडी या इंग्रजाने आजच्या बल्गेरियात असं चाक बघितलं. हाच मंडी पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरत आणि आग्र्याला राहून गेला. आपल्याकडच्या जत्रांतला हाताने फिरवायचा लाकडी रहाटपाळणा याच जातीतला.

लोखंडी अवाढव्य चाक आलं १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. जॉर्ज फेरिस हा पुलांचं काम करणारा इंजिनीअर. त्याचं चाक ८० मीटर उंच, ३६ डबे आणि प्रत्येक डब्यात ६० माणसं! म्हणजे एका वेळी २१६०. हे भरायचं कसं? तर सहा फलाट केले. एका वेळी सहा डबे भरायचे, चाक थोडं फिरवायचं, पुढचे सहा. पहिल्या फेरीत सहा थांबे, दुसरी फेरी न थांबता. प्रदर्शन संपल्यावर मात्र फेरिस पैशांच्या भानगडीत अडकला आणि १८९६ मध्ये ३७ व्या वर्षी वारला. १९०६ मध्ये सुरुंग लावून ते चाक पाडलं. फेरिसचं नाव तरी इंग्रजीत चाकाला चिकटून राहिलं. सहा फलाटांवर उभं राहून माणसं बसवणारे कोण होते, ते कुणाला माहीत?

आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याचंही तसंच की. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात गोष्ट आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला आले आणि तळ्यावर काम करणाऱ्यांना विचारू लागले, तुमचा तो ओड्ड राम कुठाय? ओड्ड म्हणजे वडार, दगडमातीचं काम करणारा. आपल्या गुरूला असं म्हटल्यावर ती माणसं इतकी चिडली की दगड घेऊन अल्लमांवर धावली. पुढे दोघांची भेट झाली, वाद झाला आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. ही सगळी थोरामोठ्यांची गोष्ट. पण मला त्यातले ते दगड उचलणारे लोक आवडतात. नाव एकाचंही नाही, पण आपल्या माणसाला कुणी हलकं बोललं तर खपवून घेणार नाहीत.

हे आठवलं की मला माझी एक रात्र आठवते.

दारूकामाची रात्र होती. मैदानात पाय ठेवायला जागा नाही. मामा जेवायला गेले होते आणि क्लचवर बिहारचा एक पोरगा होता. तेवढ्यात माझ्या कॉलेजची गँग आली, बारा जण. "का बे, इथं काम करतोस व्हय? एकत्र बसव की आम्हाला!" मला आधी लाज वाटली आणि मग ती झाकायला मी मालकासारखा रुबाब दाखवला. तिघांत एक लहान मुलगी असलेलं कुटुंब आधीच बसलेलं होतं, त्यांच्या लगेच पुढचे सलग तीन पाळणे गँगला दिले. समोरची बाजू रिकामी. चाक वर जाताना कुरकुरलं आणि मग एकदम उलटं खाली आलं. ब्रेक लागेना. दोन-तीनदा मागेपुढे हेलकावलं. ती मुलगी समोरच्या दांडीवर आपटली आणि कपाळातून रक्त आलं.

मामा हातातली भाकरी टाकून धावत आले. रिमला लोंबकळून त्यांनी चाक आवरलं, एकेक पाळणा खाली घेऊन माणसं उतरवली. मुलीला दवाखान्यात नेलं, दोन टाके पडले. सुदैवाने तेवढ्यावर भागलं.

मालक आला. विचारलं, "कुणी बसवली माणसं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच. नजरचूक झाली."

मी तोंड उघडायच्या आत, असं लिहिलं खरं. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला तोंड उघडायला पुष्कळ वेळ मिळाला होता. मालक दहा मिनिटं शिव्या देत होता. मी शेजारी तिकिटांचं पुस्तक घेऊन उभा होतो. मामांची आठ दिवसांची मजुरी कापली. माझी कापली नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. संध्याकाळी पहिली फेरी भरताना फक्त म्हणाले, "हं, समोरचा." गड्डा उठला तेव्हा ते माघी वारीसाठी पंढरपूरला निघाले. मी नंबर मागितला तर म्हणाले, फोन बिघडलाय, पुढच्या वर्षी भेटूच की. मला लॅपटॉप मिळाला. २०१७ च्या गड्ड्यात मी पैसे खिशात घेऊन गेलो, तर पाळणा दुसऱ्या पार्टीचा होता आणि मामांना ओळखणारं कुणी नव्हतं. त्यानंतरही दरवर्षी बघत राहिलो. २०२१ मध्ये कोरोनामुळे गड्डा भरलाच नाही, नुसते धार्मिक विधी झाले. त्या जानेवारीत रिकाम्या होम मैदानावरून जाताना पहिल्यांदा डोक्यात आलं की गड्डा बंद म्हणजे या सगळ्या माणसांची चूल बंद. आणि आपल्याकडे मामांचं साधं पूर्ण नावही नाही.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाहीये. फिरत्या खेळांच्या धंद्यातला मराठी माणसाचा मोठा पूर्वज म्हणजे विष्णुपंत छत्रे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे घोडे शिकवणारे. मुंबईत इटालियन कियारिनीची सर्कस पाहिली आणि जिद्दीने १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस काढली, भारतातली पहिली. हे शाळेत असतानाच वाचलं होतं. पण छत्र्यांची दुसरी गोष्ट मला नंतर कळली. तरुणपणी ते ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांना हद्दूखाँचा मुलगा रहिमतखाँ काशीत हलाखीच्या अवस्थेत सापडला. अफूचं व्यसन, अंगावर धड कपडे नाहीत. छत्र्यांनी त्यांना आपल्याबरोबर आणलं, सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगावी नेलं आणि लोकांना त्यांचं गाणं ऐकवलं. 'भूगंधर्व' म्हणून ते गाजले. विष्णुपंतांच्या मागेही छत्रे घराण्याने त्यांना अंतर दिलं नाही. १९२२ मध्ये रहिमतखाँ कुरुंदवाडलाच वारले.

हद्दूखाँ तेव्हा हयात नव्हते. ज्याचं देणं होतं तो माणूस राहिला नव्हता, तर छत्र्यांनी ते समोर आलेल्या माणसाला दिलं. आणि एकदा देऊन मोकळे झाले नाहीत, जन्मभर देत राहिले.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या नव्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी एक बदल प्रॉडक्शनला टाकला आणि सिस्टीम चाळीस मिनिटं बंद पडली. सगळा ट्रॅफिक एकाच सर्व्हरवर गेला होता. म्हणजे एका बाजूचेच पाळणे भरले! कॉलवर मोठे साहेब होते. "हू डिड धिस?" असं विचारल्यावर शांतता पसरली. तिचा चेहरा मला स्क्रीनवर दिसत होता. तो बदल तपासून मंजूर मीच केला होता, आणि घाईत केला होता. मी तसं सांगितलं. ती नंतर थँक्यू म्हणायला लागली तर म्हटलं, थँक्यू कसलं, होतं तेच सांगितलं.

हे लिहून मी काही मोठा झालो नाही. माझा एक रुपया कापला गेला नाही. मामांनी तर स्वतःची नसलेली चूक अंगावर घेतली आणि आठ दिवसांची भाकरी घालवली. हिशेब जुळत नाही हे मला कळतं.

असो. या जानेवारीत पुन्हा जाणार आहे. मैत्रीण पण येते म्हणालीय, तिला खड्डा बघायचाय. पाळण्यात बसायच्या आधी मी पाच मिनिटं बाजूला उभा राहून माणसं कशी भरतात ते बघतो, ही सवय आता लागलीच आहे. पहिल्यानंतर समोरचा भरला, की मग तिकीट काढतो.